गायीतला बर्ड फ्लू आणि माणसाचे डोळे

प्रश्न: २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना बर्ड फ्लू झाला. लागण झालेल्या गोठा-कामगारांचे मुख्यतः डोळेच का लाल झाले?

उत्तर: विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या साखर-साखळीच्या टोकाशी असलेल्या सायलिक आम्लाला धरतं. हे आम्ल शेजारच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेलं असतं. पक्ष्यांचे विषाणू ‘अल्फा २-३’ जोड धरतात. आपल्या नाका-घशात मुख्यतः ‘अल्फा २-६’ असते. गायींतला बर्ड फ्लूचा विषाणू, एच५एन१, २-३च पसंत करतो. ती कासेत असते, तशी आपल्या डोळ्याच्या पातळ आवरणातही, आणि दुधाचे शिंतोडे नेमके तिथे उडतात. म्हणून डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा हवाच.

खरी धास्ती पुढची आहे. टेक्सासमधल्या एका रुग्णाच्या विषाणूच्या प्रथिनात २२६व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाचा एक घटक) ल्युसिन हे दुसरं घातलं, तेव्हा एवढ्या एकाच बदलाने पसंती २-६ कडे वळली. (प्रयोग सुट्या प्रथिनावर झाला, जिवंत विषाणूवर नव्हे.)