अंग न चोरता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात "आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा" असं लिहिलंय. तुम्ही आठवड्याचे सहा दिवस नोकरी करता, रविवारी उपासनेला जाता. मग संपूर्ण आयुष्य देवाला द्यायचं म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं का? आणि तसं नसेल, तर सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. नाही. नोकरी सोडा असं त्या वचनात कुठेही नाही. काहींना देव तसं बोलावतो आणि ते बोलावणं खरं असतं, पण हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हे वाक्य पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, उद्देशून लिहिलेलं नाही. ते सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांना, लिहिलं आहे. खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे. मी स्वतः त्यावर बरीच वर्षं अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, बहुतेक वेळा रात्रपाळीला. मंडळीत गातोही. माझ्या डोक्यात एक वाटणी पक्की होती: गीतं, प्रार्थना, दशांश (कमाईचा दहावा भाग देणं) हे देवाचं, ट्यूब, मशीन, रिपोर्ट हे पोटापाण्याचं. कामावर मी चोरीमारी करत नव्हतो, कुणाशी भांडत नव्हतो. तेवढं पुरे, असं वाटायचं.

एका शनिवारच्या रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमाराला, वॉर्डमधून एक सॅम्पल आलं. रक्ताचे घटक वेगळे करण्यासाठी ट्यूब वेगाने फिरवणाऱ्या मशीनमधून, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून, ती बाहेर काढली की वरचा द्रव फिकट पिवळा दिसायला हवा. हा लालसर होता. रक्त काढताना किंवा आणताना तांबड्या पेशी फुटल्या की असं होतं. पेशींच्या आत पोटॅशियम खूप असतं, ते बाहेर पडतं आणि रिपोर्टमध्ये आकडा खोटाच वाढलेला दिसतो. पेशंटचं पोटॅशियम खरोखर कमी असेल, तर ते झाकलंही जाऊ शकतं. अशा वेळी काय करायचं हे मला पाठ होतं: सॅम्पल नाकारायचं, वॉर्डला फोन करायचा, नवीन मागवायचं. पण फोन केला की सिस्टरची बोलणी खायची, पेशंटला पुन्हा सुई, आणि माझी टेकायची अर्धा तासाची संधी गेली. मी ते सॅम्पल मशीनवर लावलं आणि आलेला आकडा शेरा न मारता पाठवून दिला.

सकाळी डॉक्टरांना शंका आली, त्यांनी पुन्हा रक्त काढायला लावलं, दुसरा रिपोर्ट नीट आला. पेशंटला काही झालं नाही. मी पाळी संपवून थेट देवळात गेलो. त्या दिवशी सर्वस्व अर्पण करण्याचं गीत होतं, आणि मी पुढे उभा राहून गात होतो. दुसऱ्या कडव्याला मला ती लाल ट्यूब आठवली. मी नुसते ओठ हलवत राहिलो.

मराठीत या वागण्याला नेमका शब्द आहे: अंग चोरणं. पौल म्हणतो अंग द्या. मी ते गाण्यात देत होतो आणि कामात चोरत होतो, एकाच रात्रीतून निघालेल्या सकाळी. त्यानंतर मी हे वचन पहिल्यांदा शब्द न् शब्द वाचलं.

पौल "मन द्या" किंवा "हृदय द्या" म्हणू शकला असता. त्याने "शरीरे" म्हटलं. हे पत्र त्याने साधारण इ.स. ५७च्या सुमारास करिंथमध्ये सांगितलं, तर्तियाने ते लिहून घेतलं, आणि किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिने ते रोमला नेलं असावं असं शेवटच्या अध्यायावरून दिसतं. त्या वेळी यरुशलेमचं मंदिर उभं होतं, ते इ.स. ७०मध्ये पडलं. तिथे रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर चढत होतं. रोममध्ये ऐकणाऱ्यांना यज्ञ म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना रक्त, धूर, वास सगळं ठाऊक होतं. आणि ऐकणाऱ्यांत दास होते. रोमी कायद्याने दासाचं शरीर त्याच्या मालकाचं. पहाटे उठायचं कधी आणि राबायचं किती, हे दुसरा ठरवणार. अशा माणसाला पौल सांगतो की तुझं शरीर तू स्वतः देवाला अर्पण कर. ज्याच्या हातात स्वतःचं काहीच नाही असं जग समजत होतं, त्याला पौल याजकाच्या जागी उभं करतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझी रात्रपाळी मला ओझं वाटत होती, आणि त्या दासांना दिवसही स्वतःचा नव्हता.

मूळ ग्रीकमध्ये आणखी एक बारकावा आहे. "शरीरे" अनेकवचनी आहे, "यज्ञ" एकवचनी. अनेक जण, पण अर्पण एकच. म्हणजे "माझं आणि देवाचं खासगी" असं ते राहत नाही. माझ्या हातून निघालेला रिपोर्ट आणि मंडळीतल्या एखाद्या आजीने केलेली प्रार्थना, दोन्ही एकाच वेदीवर.

आता "सेवा" हा शब्द. त्या वचनात मराठीत "आध्यात्मिक सेवा" येतं. मूळ शब्द मंदिरातल्या उपासनेसाठी वापरला जायचा. जुन्या कराराच्या हिब्रूत तर एकाच धातूतून तीन अर्थ निघतात: जमिनीची मशागत करणं, दास म्हणून राबणं आणि देवाची उपासना करणं. एदेन बागेत माणसाला मशागतीसाठी ठेवलं तिथे तोच धातू. मिसरात (इजिप्तमध्ये) इस्राएल लोक विटा पाडत होते त्या राबण्यालाही तोच. आणि "माझ्या लोकांना जाऊ दे, म्हणजे ते माझी सेवा करतील" असं देव मिसरच्या राजाला सांगतो, त्यातही तोच. काम एका बाजूला आणि उपासना दुसऱ्या बाजूला, ही वाटणी माझ्या डोक्यात होती, भाषेत नव्हती. मराठीतही "सेवेत आहे" म्हटलं की नोकरी आणि देवाचं काम, दोन्ही होतं.

बायबलच्या लेवीय या पुस्तकातलं होमार्पणाचं, म्हणजे वेदीवर जाळायच्या अर्पणाचं, वर्णन जमलं तर सावकाश वाचा. मी पूर्वी ते भराभर उलटून जायचो. शांत्यर्पण या दुसऱ्या प्रकारच्या अर्पणातला काही भाग आणणारा स्वतः खायचा. होमार्पणात तसं नाही: कातडं याजकाला, बाकी सगळं वेदीवर. आतडी आणि पायसुद्धा पाण्याने धुऊन चढवायचे. देवाला चांगला तुकडा आणि उरलेलं आपल्याला, असा व्यवहार तिथे नाही. पण मला सर्वांत जास्त धरून ठेवलं ते सहाव्या अध्यायाने. तिथे याजकाचं सकाळचं काम सांगितलंय. तागाचे कपडे घालायचे, रात्रभर जळून उरलेली राख उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर शुद्ध जागी नेऊन टाकायची. मग वेदीवर लाकडं रचायची. रोज सकाळी. अग्नी विझू द्यायचा नाही.

राख वाहणं हेही उपासनेचं काम. कुणी बघत नाही, गीत नाही, सुवास नाही. तरी त्याला कपडे ठरवून दिलेले आहेत.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं ओझं होऊन बसेल. पौलाचं वाक्य "म्हणून" या शब्दाने सुरू होतं आणि "देवाच्या करुणांमुळे" असं पुढे येतं. आधीचे अकरा अध्याय त्या करुणांचेच आहेत. आपला यज्ञ पापाची भरपाई नाही. ती ख्रिस्ताने एकदाच केली, इब्री लोकांस पत्र हे पुन्हा पुन्हा सांगतं. त्या लाल ट्यूबनंतर मी काही महिने जीव तोडून काम केलं, ते देवाला खूश करून हिशोब मिटवण्यासाठी. दमलो, चिडचिडा झालो, आणि हाताखालच्या मुलांवर ओरडायला लागलो. तो यज्ञ नव्हता, हप्ते फेडणं होतं. मिळालंय म्हणून देणं, आणि मिळावं म्हणून देणं, यातला फरक बाहेरून दिसत नाही, पण सोबत काम करणाऱ्यांना तो बरोबर कळतो.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे, आणि तो पूर्णवेळ सेवेच्या विचारात असणाऱ्यांना जास्त असतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू काही लोकांना खडसावतो. ते आईवडिलांना सांगत, "तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण." देवाचं नाव घेऊन आईवडिलांना वाऱ्यावर सोडायचं. येशूला हे अर्पण मान्य नाही. मी हा उतारा शिकवलाही होता. त्याच काळात माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून अनेक वेळा डोळ्यात ड्रॉप घालायचे होते, ठरलेल्या अंतराने. आईचे हात थरथरतात. आणि मी संध्याकाळी गीतांच्या सरावाला. आई एवढंच म्हणाली, "देवाचं काम आहे म्हणतोस. मग बाबांच्या डोळ्यात थेंब कोण घालणार?" मी पुढचे काही आठवडे सराव सोडला. बाबा खुर्चीत मान मागे टाकून बसायचे, मी खालची पापणी बोटाने हलकेच ओढायचो, थेंब पडला की ते डोळा मिटून पुटपुटायचे, "झालं?" दुसऱ्या ड्रॉपपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. ती पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बसायचो. मंडळीत गायलेल्या कुठल्याही गीतापेक्षा मला ती पाच मिनिटं अर्पणासारखी वाटली, आणि हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात कोठार सांभाळणाऱ्याला सांगितलंय की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं समज. कुदळ, फावडं, परात, सगळं. मी सेंट्रिफ्यूज पुसतो तेव्हा मला ते आठवतं.

विश्रांतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सहा दिवस काम म्हणालात म्हणून लिहितो. शरीर अर्पण करायचं तर झोपही त्यात आली. मी कॅथलिक नाही, पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या मंडळीविषयीच्या दस्तऐवजातली एक गोष्ट मला फार पटली. सामान्य विश्वासणाऱ्यांची कामं, प्रार्थना, संसार, रोजचे श्रम यांच्या जोडीने शरीरमनाची विश्रांतीही आध्यात्मिक यज्ञात धरली आहे, ती आत्म्यात केली असेल तर. रात्रपाळीनंतर फोन बाजूला ठेवून झोपणं मला अजूनही जड जातं.

तर सोमवारी सकाळी काय करायचं? मी काय करतो ते सांगतो, तुम्हाला जमेल ते घ्या. पाळीवर जाण्याआधी मी आधी राख उचलतो: कालच्या दिवसात कुठे अंग चोरलं, कुणाला तोडून बोललो, ते नाव घेऊन देवासमोर मांडतो. लांबण लावत नाही. राख बाहेर टाकून द्यायची असते, घरात साठवायची नसते. मग हातमोजे चढवताना म्हणतो, "प्रभू, हे हात तुझे." पहिलं सॅम्पल घेताना लेबलवरचं नाव मनात वाचतो. ते ट्यूबवरचं नाव आहे, पण कुणाच्यातरी बापाचं, मुलीचं नाव आहे. तेवढीच त्या माणसासाठीची प्रार्थना. पुढे दोनशे ट्यूब असतात, प्रत्येकीला हे जमत नाही.

आणि १२वा अध्याय पहिल्या वचनावर थांबवू नका. नवव्या वचनापासून पौल स्वतःच यादी देतो: प्रीती निष्कपट असू द्या, पाहुणचार करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. सगळं अंगाने करायचं. मी एका आठवड्यात एकच ओळ घेतो. तुमच्या कामात अंग चोरायची जागा कुठली, ते मला ठाऊक नाही, तुम्हाला असेल. ओळ निवडताना ती जागा डोळ्यासमोर ठेवा.

गेल्या गुरुवारी पुन्हा एक सॅम्पल लाल निघालं. मी फोन केला. सिस्टर वैतागल्या, "आता परत टोचू का त्यांना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो सिस्टर, माफ करा, पण हे पाठवता येणार नाही." वीस मिनिटांनी नवीन ट्यूब आली. लेबल तपासलं आणि मशीनवर लावली.