एवढ्याशा गावातल्या लाँस फुटबॉल क्लबचं स्टेडियम कायम भरलेलं कसं असतं?

कारण हा क्लब खाणकामगारांचा आहे हो. उत्तर फ्रान्समधलं हे गाव कोळशावर वाढलं, क्लब १९०६ चा, आणि बोलार्ट स्टेडियमला नावसुद्धा खाण कंपनीच्या डायरेक्टरचं आहे. गावाची वस्ती तीसेक हजार आणि स्टेडियममध्ये मावतात ३८ हजार, म्हणजे अख्खं गाव आत बसलं तरी जागा उरेल 😄 आजूबाजूच्या सगळ्या खाणपट्ट्यातून लोक येतात ना. १९९० ला त्या भागातली शेवटची खाण बंद झाली, तरी सेकंड हाफच्या सुरुवातीला लाल-सोनेरी मफलर वर धरून सगळे खाणकामगारांचं गाणं म्हणतात, यूट्यूबवर बघाच, काटा येतो अंगावर. फ्रान्सची लीग मात्र एकदाच जिंकलेत, १९९८ ला. २०२३ ला पॅरिसच्या पीएसजी क्लबपेक्षा फक्त एक पॉइंट कमी पडला.