आईला आणखी कोणतं मशीन आणू?

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली. आता धरून चालते, पण खुर्चीतून उठवावं लागतं. मी मोटरवर चालणारी पायांची सायकल आणली, दाराला हाताची पुली बसवली, पिळायला रबरी चेंडू दिला. रोज तासभर सगळं करून घेतो. गेले पंधरा दिवस डावा खांदा एवढा दुखतोय की रात्री झोप नाही. बोटंही मिटलेलीच राहतात. आणखी कोणतं मशीन घ्यावं? पैशाचा प्रश्न नाही. (वाचक, तासगाव)

उत्तर : आणखी काहीच आणू नका. उलट आजच्या आज दाराची पुली काढा.

लुळ्या हाताचा खांदा आपल्यासारखा फिरत नाही. हात वर जाताना पाठीमागचं फऱ्याचं हाड सरकावं लागतं आणि दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. आईच्या खांद्यात ही दोन्ही कामं करणारे स्नायू अजून जागे झालेले नसतील. पुलीवर चांगला हात दोरी ओढतो, वाईट हात नुसता वर खेचला जातो आणि मधलं मऊ मांस हाडात चिमटतं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच एका आजोबांना पुली लावून दिली होती, मोठ्या उत्साहाने. तीन आठवड्यांनी ते मला हातच लावू देईनात.

खांदा डॉक्टरांना दाखवा. आईच्या खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढा खड्डा लागतो का, तेही तपासायला सांगा. हाताच्या वजनाने सांधा खाली उतरला की तसा खड्डा पडतो. तोवर आई बसलेली असताना हात मांडीवर लोंबकळत ठेवू नका, खाली उशी द्या. आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद द्या, उठवताना काखेत हात घालायचा नाही, दंड ओढायचा नाही. कमरेला धरायचं. पाहुणे प्रेमाने हात ओढतात, त्यांनाही सांगा.

चेंडूचंही तेच. आईची बोटं मिटतात, उघडत नाहीत. मग मिटण्याचाच सराव कशाला? त्यापेक्षा डावा तळहात टेबलावर पसरून ठेवा आणि त्यावर थोडा भार देऊन उजव्या हाताने वस्तू इकडची तिकडे ठेवायला लावा.

सायकल टाकून देऊ नका. पण ती चालू असताना आईकडे नीट बघा. मोटर फिरते, पाय फिरतात, आई टीव्ही बघते. मोटर बंद केली तरी उजवा पाय दोघांचं काम करून टाकतो. सांधे आखडू नयेत म्हणून दहा मिनिटं ठीक आहे, पाऊल पट्ट्याने नीट बांधून. त्याला व्यायाम मात्र म्हणू नका.

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य आहे, 'खुर्चीतून उठवावं लागतं'. कामाला तिथूनच लागा. एक जड लाकडी खुर्ची घ्या. प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. पाठ भिंतीला टेकवून ठेवा. बैठक आईच्या गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी, म्हणून त्यावर दोन-तीन गोधड्या घट्ट घडी करून, सरकणार नाहीत अशा बांधा. आईने पुढच्या कडेशी बसायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, उजवं पाऊल डाव्यापेक्षा चार बोटं पुढे. उजवं मागे राहिलं तर सगळा भार तोच उचलतो आणि डावा पाय आयता बसतो. दोन्ही हात एकमेकांत गुंफून समोर स्टुलावर टेकवायचे, जेवढे दुखत नाहीत तेवढेच. मग वाकायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईपर्यंत. बहुतेक जण इथेच चुकतात, ताठ बसून वर यायला बघतात. ढुंगण उचललं की उभं राहायचं, तीन आकडे मोजायचे आणि हळूहळू बसायचं. धप्पकन बसणं मोजायचं नाही. तुम्ही डाव्या बाजूला, डावा गुडघा दुमडू नये म्हणून आपला गुडघा त्याला लावून.

पाच वेळा, दिवसातून चारदा. चक्कर आली, छातीत धडधडलं तर थांबा. बीपी किती असताना व्यायाम करायचा नाही, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. विनासायास जमायला लागलं की एक गोधडी काढा. माझ्या एका पेशंट मावशी काढलेली गोधडी जिंकल्यासारखी कपाटावर ठेवायच्या.

आणि आईला सगळं हातात देणं थांबवा. वाटाण्याच्या शेंगा सोलताना डाव्या हाताखाली ताट दाबून धरू दे. ताट सरकेल, वाटाणे सांडतील. सांडू देत.

प्रश्न : याच आईसाठी चार पायांची काठी आणली आहे. ती डाव्या हातात द्यायची ना? (तेच वाचक, चिठ्ठीत)

उत्तर : नाही, उजव्या, म्हणजे चांगल्या हातात. चपला घालून आई ताठ उभी राहिली, हात सरळ सोडला की मुठीची उंची मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. काठीच्या तळाची पसरट बाजू अंगापासून लांब. जवळ असली तर तिच्यातच पाय अडकतो. चारही पाय एकदम टेकायला हवेत. आणि काठी उलटी करून खालची रबरी बुटं बघा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर बदला. मागून सुटी असलेली स्लिपर बंद, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन आहे. वॉकर दिला तरी बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मागून ढकलावं का? (वाचक, सातारा)

उत्तर : ढकललंत तर ते तोंडावर पडतील. असं थिजणं अरुंद जागेत आणि वळताना जास्त होतं. उचलून ठेवायचा वॉकर त्यांच्या चालीची लय मोडतो, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना चाकांच्या वॉकरबद्दल विचारा. दारात मात्र एक साधी गोष्ट करून बघा. फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आणा आणि दाराच्या आधी-नंतर, त्यांच्या पावलाएवढ्या अंतराने पाच-सहा आडव्या पट्ट्या मारा. त्यांना 'चला' म्हणू नका, 'ही पट्टी ओलांडा' म्हणा. थिजलेच तर आधी थांबायचं, अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलवायचं आणि मग पट्टी. कडा चिकटलेल्या आहेत ना, हे रोज बघा. सुटलेली पट्टी पायात येते.