कडता

सातारा, रविवार

प्रिय पोरी,

परवा पोवई नाक्यावर तुझे बाबा भेटले. नौदलात तुझी निवड झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता, पण तू मात्र फुगून बसली आहेस म्हणाले. हवं होतं जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात तिथे, उभं राहणं, आणि पदरात पडली लॉजिस्टिक्स, म्हणजे पुरवठ्याची शाखा. त्यात तुझा मामा म्हणाला म्हणे, "म्हणजे गणवेशातलं रेशन दुकानच की!" मामाचं फारसं चुकलं नाही. त्याच दुकानात मी चोवीस वर्षं काढली.

माझे वडील इथल्या भुसार पेठेत मापाडी होते. मोजायला लागले की 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. पोत्यामागे कडता, म्हणजे घटीपोटी वजनातली कपात, कापला जायचा. बारदानाचा, मातीचा, उंदराचा. शेतकरी गप्प उभा असायचा. लाभ कुणाचा, ते त्याला कळत होतं. पुढे ब्रिटिश नौदलातल्या पर्सरचा इतिहास वाचला तेव्हा हसूच आलं. हा तर आपल्याच पेठेतला कडता!

पर्सर म्हणजे जहाजावरचं धान्य, कपडे, तंबाखू, मेणबत्त्या सांभाळणारा. पगार नावापुरता. उलट नेमणुकीलाच जामीन द्यावा लागे, आणि माल तुटला की भरपाई त्याच्या खिशातून. मग त्याने भागवायचं कशातून? सोळा औंसांच्या पौंडातले दोन औंस नासधुशीपोटी ठेवून घ्यायची त्याला मुभा होती. खलाशाच्या वाट्याला चौदाच यायचे. नौदलाचा कारभारी सॅम्युएल पेपिस याने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय की, लबाडी न करणारा पर्सर हटकून बुडतो. खलाशी टोमणा मारत, पर्सरच्या वहीत मेलेला माणूससुद्धा तंबाखू चघळतो. 1797 मध्ये, ऐन फ्रान्सशी युद्ध चालू असताना, इंग्लंडमधल्या स्पिटहेडला आरमाराने बंड केलं. पगारवाढीच्या जोडीला मागणी काय, तर पौंडाला पुरते सोळा औंस द्या. ती मान्यही झाली. पुढे 1852 मध्ये पर्सरचा 'पेमास्टर' झाला, 1863 मध्ये त्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये पांढरं कापड आलं. नावाने आणि कापडाने माणूस सुधारतो यावर माझा विश्वास नाही. पोट मापावर अवलंबून राहिलं नाही, ठरलेला पगार मिळू लागला, तेव्हा तो सुधारला.

आपल्याकडे ही गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांना पक्की ठाऊक होती. त्यांच्या आज्ञापत्रातलं, म्हणजे मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथातलं, आरमाराचं प्रकरण निघण्याआधी वाच. आरमाराचा तनखा मुलखातून लावून द्यावा, समुद्रावरच्या पैदास्तीवर, म्हणजे कमाईवर, सोडू नये, नाहीतर सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, उपद्रव होतो आणि बंदरं मोडतात, असं त्यात सांगितलंय. लाकडाबद्दलही आहे. रयतेचे आंबे-फणस आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. पुरवठ्याबद्दल याहून शहाणं वाक्य मला नंतरच्या एकाही नियमपुस्तकात सापडलं नाही.

आणि 18 फेब्रुवारी 1946. मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या पोरांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि कामही बंद केलं. शिव्या, अपमान, गोऱ्यांहून कमी पगार हे सगळं आत साठलेलंच होतं. पण ठिणगी पडली ती ताटात.

आता माझं सांगतो. पहिल्याच जहाजावर भांडाराचा चार्ज घेतला. संध्याकाळ झालेली, सगळ्यांना घाई. थप्पी वरवर मोजली आणि सही ठोकली. पाचव्या दिवशी भर समुद्रात तळातली तूरडाळीची पोती काढली, तर ओल लागून हिरवी बुरशी. बंदर अजून चार दिवस लांब. आचारी चकार शब्द बोलला नाही. मूठभर डाळ आणून माझ्या उघड्या वहीवर ठेवली, नेमकी सहीवर, आणि गेला. ते चार दिवस मी सगळ्यांचं उरकल्यावर जेवायला जायचो.

तेव्हा मालाडच्या 'हमला' या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर शिकवतील ते मन लावून शीक, पण चार्ज घेताना तळातलं पोतं आधी काढायला लाव. समोरचा वैतागेल, वैतागू दे. तू मुलगी म्हणून कुणी कुजबुजलं तर ध्यानात ठेव, डॉक्टर सोडले तर 1992 मध्ये मुलींना ज्या मोजक्या शाखांची दारं उघडली, त्यातलीच ही एक. त्या पहिल्या पोरी मी पाहिल्यात. हिशोबात त्यांनी आम्हाला घाम फोडला होता.

निघण्याआधी घरी येऊन जा. काकूने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय. आणि माळ्यावर धान्य मापायची एक जुनी पायली आहे, एका पेढीचं दुकान बंद झालं तेव्हा वडिलांनी उचलून आणलेली. बाहेरून पाहिलीस तर काही कळणार नाही. हात आत घालून तळ चाचपून बघ. पत्र्यावर दुसरा पत्रा ठोकलाय.

तुझा,
काका