दापोलीजवळच्या स्लॅबच्या घरातला उकाडा आणि वीजबिल चाळीस हजार रुपयांत कमी करता येईल का?

४०,००० रुपयांत एसी घ्यावा की तेच पैसे सोलरमध्ये घालावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. स्लॅबवर दिवसभर पडणारे ऊन अडवायचे नाही आणि आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी मात्र दरमहा वीज विकत घ्यायची, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. हे मी कोणा दुकानदाराच्या सांगण्यावरून लिहीत नसून, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन प्रकारची छपरे असलेल्या घरात राहून लिहितो आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली तालुक्यातही माड-पोफळी आडव्या झाल्या आणि आमच्या वडिलोपार्जित घराचे निम्मे छप्पर उघडे पडले. थोरले बंधू डोंबिवलीला असतात. त्यांनी फोनवरच निर्णय दिला की आता कौलांचा नाद सोडायचा आणि सरसकट स्लॅब ओतायचा. मी नकार दिल्यावर मला ‘मागासलेला’ हे विशेषण मिळाले, आणि ते पुढे प्रत्येक गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर वापरले गेले. अखेर वाटणी झाली. दादांनी आपल्या भागावर स्लॅब ओतला, खाली पीओपीचे छत केले आणि एसी बसवला. मी माझ्या भागावर नवे वासे आणि रिपा घालून जुनीच मंगलोरी कौले चढवली, आणि माजघरावरचा लाकडी माळा होता तसाच ठेवला.

भिंती दोन्हीकडे त्याच, जाड जांभ्या चिऱ्याच्या. फरक फक्त डोक्यावर आहे आणि तो मे महिन्यात रात्री कळतो. काँक्रीट दिवसभर उष्णता पिते आणि रात्री उशिरापर्यंत ती खालच्या खोलीत सोडत राहते, त्यामुळे बाहेर वारा सुटला असला तरी आत छत तापलेलेच असते. कौले पातळ असल्याने ऊन कलले की लवकर निवतात, त्यांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, आणि दुपारची झळ माळा बरीचशी अडवून धरतो. वळवाच्या पावसाआधी आमच्याकडे वीज जाते तेव्हा दादांचा एसी शोभेचा होतो, आणि पुतणे गाद्या घेऊन माझ्या माजघरात येतात. वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, “भावोजी, आम्ही सगळे इकडेच झोपतो, पण ह्यांना काही बोलू नका.” मी बोललो नाही, लिहितो आहे.

पुढे तो स्लॅब गळू लागला आणि दादांना त्यावर पत्र्याची शेड उभारावी लागली, म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च झाला. गंमत अशी की शेडमुळे त्यांच्या खोल्या खरोखरच थंड झाल्या, कारण स्लॅबवर थेट ऊन येणे थांबले आणि मधल्या जागेतून वारा खेळू लागला. तुमच्या बजेटमध्ये पूर्ण शेड बसणार नाही, पण तत्त्व तेच आहे. स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या. चुना हा गरिबाचा उपाय म्हणून हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की अहमदाबाद महापालिकेने २०१७ साली छपरे पांढरी करण्याची मोहीम याच हेतूने घेतली होती. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळ धरून तो काळा पडतो, म्हणून दर वर्षी होळीच्या आधी पुन्हा द्यावा लागतो. त्यावर तीन-चार फूट उंचीवर शेडनेट (सावलीची जाळी) किंवा माडाच्या झापांचा मांडव घाला. नेट स्लॅबवर नुसते अंथरल्यास खालून वारा फिरत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून झडप किंवा बांबूची चटई लावा, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही.

त्यानंतर पंखे. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रशविना मोटरचा) पंखा ३० ते ३५ वॉट. रोज बारा तास चालणाऱ्या प्रत्येक पंख्यामागे महिन्याला पंधरा युनिटांच्या आसपास वाचतात, आणि हे युनिट बिलाच्या सर्वांत महाग टप्प्यातले असतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा पहिल्याच्या जवळपास दुप्पट दराचा आहे. तीन पंखे बदलले तर पुष्कळ घरे त्या रेषेच्या जवळ येतात. आंघोळीच्या पाण्याला गीझर वापरत असाल तर एक बादली पाणी वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धे युनिट लागते, मग गीझर कोणत्याही कंपनीचा असो. नारळाची सोडणे (सालपटे) आणि झावळ्या परसात कुजत असताना न्हाणीची चूल विझवणे मला उधळपट्टी वाटते. कुलरच्या मोहात मात्र अजिबात पडू नका. तो नागपूरच्या कोरड्या हवेत काम करतो. आपल्या दमट हवेत पाणीच नीट वाळत नाही, मग गारवा येणार कोठून?

एवढे करूनही एसी हवाच असेल, तर एकाच निजायच्या खोलीपुरता इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घ्या आणि २४ अंशांवर चालवा. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच त्या आकड्यावर येतात. दादा लगेच तो १८ वर नेतात, ती गोष्ट वेगळी. समुद्र जवळ असल्यास बाहेरचे युनिट खाऱ्या हवेने गंजते, हा खर्चही हिशेबात धरावा.

माझ्या बाजूचा हिशेबही पूर्ण सांगायला हवा. पावसाआधी कौले परतावी लागतात, त्यासाठी माणसे मिळत नाहीत, आणि वानरे दर वर्षी काही कौले फोडतात. दादांच्या भागावरून उतरवलेली कौले मी गोठ्यामागे रचून ठेवली आहेत, म्हणून माझे निभावते. वादळात स्लॅब हलत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. तुमचे शेडनेटही मेअखेर उतरवावेच लागेल.

राहिला सोलरचा प्रश्न. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॉटच्या यंत्रणेला ३०,००० रुपये अनुदान मिळते आणि तिच्यातून सरासरी रोज चार युनिटांच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. बॅटरीविना, वीजवाहिनीला जोडलेली यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद पडते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. शिवाय अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा असतो, तेव्हा बिलावरचे नाव आधी तपासा. माझे मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, आणि नावबदलाच्या कागदांवर दादांची सही व्हायची आहे.