रानात माग काढायचं काम आणि त्याची तयारी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या पेठहून विचारलंय: मुलगा बारावी झालाय, सुट्टी मिळाली की डोंगरात जातो, आणि ऑस्ट्रेलियातली बातमी पाहिल्यापासून 'जंगलात लपलेल्यांना शोधणारा पोलीस' व्हायचं म्हणतो. असं काम असतं का, की नुसता गोळीबार?

काम असतं, गोळीबार त्यात क्वचितच. ऑगस्ट 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पोरेपंका इथे दोन पोलिसांना मारून संशयित रानात शिरला. शेकडो पोलीस लावूनही आठवडे उलटले. याचं मूळ साध्या गणितात आहे. रानात माणूस ताशी 2 किलोमीटर चालला आणि दिशा माहीत नसली, तर 3 तासांत शोधायचा टापू सुमारे 113 चौरस किलोमीटर होतो, 6 तासांत 452. वेळ दुप्पट, रान चौपट. म्हणून पाठलागाआधी कोंडी करायची: तो शेवटचा कुठे दिसला ते नकाशावर टिपायचं, मग पूल, नदी ओलांडायचे उतार, पाणवठे आणि खिंडी अडवायच्या.

घोळ होतो तो घाईने. दहा जण पायवाट तुडवत गेले की ठसाही गेला आणि वासही. श्वान आधी, बाकीचे मागे. ठसा सकाळी किंवा उन्हं कलल्यावर पाहावा, तो आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून. मग त्याच्या कडेची सावली उठून दिसते. उष्णता टिपणारा ड्रोन दाट झाडीखाली आंधळा होतो, आणि दुपारी तापलेला कातळ त्याला माणसासारखाच दिसतो. म्हणून तो पहाटे उडवतात. घळीत वायरलेस लागत नाही, एक सेट डोंगराच्या धारेवर ठेवावाच लागतो. सगळ्यात मोठी भीती अंधारात आपलीच दोन पथकं समोरासमोर येण्याची. प्रत्येक पथकाला ओढा किंवा धार अशी हद्द आखून देतात ती यासाठीच.

आणि खबर! चंदनतस्कर वीरप्पन वर्षानुवर्षं जंगलात सापडला नाही. 18 ऑक्टोबर 2004 ला त्याला बाहेर काढलं तेव्हाच धर्मपुरी जिल्ह्यात तो टिपला गेला. घरात कोकणा बोली असेल तर ती मुलाला विसरू देऊ नका. पाड्यावरची माणसं वर्दीशी कमी आणि आपल्या बोलीशी जास्त बोलतात.

या कामाची वेगळी भरती नसते. शिपाई भरतीला बारावी पुरते, मुलांना उंची 165 सेंटिमीटर लागते. मैदानी 50 गुणांची: 1600 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. राज्य राखीव दलाला उंची 168 आणि धाव 5 किलोमीटर. गडचिरोलीच्या सी-60 या नक्षलविरोधी कमांडो पथकात थेट जाता येत नाही, तिथल्या पोलिसांतूनच निवडतात. पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक झाला तर प्रशिक्षण आपल्याच नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत.

आत्तापासून त्याला सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा आणि होकायंत्र द्या. हर्सूलच्या बाजूला, सोबत कोणीतरी असताना, फोन बंद ठेवून चालू दे. तासातासाला 'आपण इथे आहोत' अशी खूण करायची आणि शेवटी फोनवर ताडून पाहायचं. सुरुवातीला अर्धा-एक किलोमीटर चुकेल. पाणी माणशी 4 ते 5 लिटर. धावण्याच्या नादात पदवी मात्र सोडू देऊ नका; मुक्त विद्यापीठातून ती भरतीच्या तयारीसोबत होते.