आधी मजकूर वाच, पोरी

परवा फोनवर तू सांगितलंस की डिबेटमध्ये त्या पोराने ‘तू इथे अमेरिकेत जन्मलीस तरी तेव्हा तुझे आईबाबा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते, तू प्रेसिडेंट व्हायला पात्रच नाहीस’ असं ठणकावलं आणि तू गप्प बसलीस, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये. अगं, घटना उघडलीस का? दुसऱ्या आर्टिकलमध्ये अटी तीनच, जन्मजात नागरिक, वय 35, देशात 14 वर्षं वास्तव्य. आईबापांच्या व्हिसाबद्दल तिथे अवाक्षर नाही. आधी मजकूर वाच, मग घाबर.

तो म्हणेल, ‘जन्मजात नागरिक’ची व्याख्या कुठाय? नाहीये, बिनधास्त मान्य कर. प्रेसिडेंटपदाच्या या अटीवर सुप्रीम कोर्टाने थेट निकाल कधी दिलेलाच नाही. पण वाँग किम आर्कचा खटला वाच ना! सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईबाप चीनच्या बादशहाची प्रजा, चीनला जाऊन आला तर बोटीवरून उतरूच देईनात, आणि 1898 मध्ये कोर्टाने 6 विरुद्ध 2 ने सांगितलं, हा जन्मानेच नागरिक. विरोधात लिहिणाऱ्या चीफ जस्टिस फुलरची तक्रारच ही की अशाने परक्यांची इथे जन्मलेली मुलं प्रेसिडेंटपदाला पात्र ठरतील. म्हणजे विरोधकालाही कळलेलं, तुला कळू नये?

खरा वाद आहे तो बाहेर जन्मलेल्यांचा. प्रेसिडेंटपदासाठी उभे राहिलेले मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले, क्रूझ कॅनडातल्या कॅलगरीत. 1790 च्या कायद्याने नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना जन्मजात नागरिक मानलं, 1795 च्या कायद्यात ‘जन्मजात’ गळलं, तिथे भांडायला जागा आहे. तुझ्या बाबतीत नाही.

मंडळात मला विचारतात, तुम्हाला कशाला पडलंय, तुम्ही तर शपथ घेऊन नागरिक झालेले. बरोबर, ती खुर्ची माझ्यासाठी नाहीच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर गेले, त्यांच्यासाठीही नाही. मला ही अट पटत नाही, घटनादुरुस्ती करून काढावी असंच माझं मत आहे, पण पटत नाही म्हणून अर्थ वाकवायचा नाही, मी नाही आणि त्या पोरानेही नाही. हेकट म्हणतात मला, म्हणू देत. इतकी वर्षं लोकांच्या दिवाणखान्यात ऐकीव गोष्टी मुकाट ऐकल्या, त्याची हळहळ आहे, आता नाही ऐकणार.

तर मजकूर वाच. फुलरचं ते पान प्रिंट करून त्याच्यासमोर ठेव, आणि व्हाइस प्रेसिडेंट झालेल्या कमला हॅरिस ओकलंडला जन्मल्या तेव्हा त्यांचे आईवडील नागरिक होते का, एवढं त्यालाच शोधायला सांग, कारण व्हाइस प्रेसिडेंटलाही हीच अट आहे. रविवारी फोन कर.